पुढचे विमान चुकले तर?

भोरहून निघालेली एसटी खेड शिवापूरच्या टोलनाक्यापाशी अडकली, स्वारगेटला टेकायला तासभर उशीर झाला आणि सोलापूरची गाडी तेवढ्यात निघून गेली, तर आपण काय करतो? टपरीवर चहा घेतो आणि मागून येणाऱ्या गाडीत बसतो. तिकीट गाडीत चढल्यावर काढायचे असते, त्यामुळे गाडी चुकली तरी वेळेपलीकडे फारसे काही जात नाही. विमानाचा हिशेब इथेच वेगळा पडतो. हजारो रुपये आधी भरलेले असतात आणि वेळेवर हजर झालो नाही तर ते बहुतेक बुडतात.

हा हिशेब समजून घेण्याची वेळ आता भोर-वेल्ह्याच्या घरांवरही आली आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण जुने नाव तोंडातून लवकर जात नाही.) कुणाचा मुलगा आखातात कामाला असतो, कुणाची लेक परदेशी नांदते आणि तिच्या बाळंतपणाला आई एकटीच निघते. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी थेट जाणारी विमाने थोडी आहेत. तेव्हा दिल्लीला, मुंबईला किंवा परमुलखातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलावे लागते आणि खरी जोखीम त्या बदलण्यात असते.

तिकीट काढताना सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहावी. घरापासून मुक्कामापर्यंतचा प्रवास एका तिकिटावर आहे, की दोन तिकिटे वेगवेगळी काढली आहेत? समजा पुणे ते दिल्ली आणि दिल्ली ते लंडन असा प्रवास आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकीट क्रमांकावर असतील, तर पुण्याचे विमान उशिरा निघाल्यामुळे लंडनचे चुकले, तरी प्रवाशाला पुढच्या विमानाने लंडनला पोचवणे हे कंपनीचे काम असते. सामानही सहसा पुण्याला दिले की थेट लंडनला मिळते. पण दोन-चार हजार वाचावेत म्हणून दिल्लीपर्यंतचे तिकीट एका कंपनीचे आणि पुढचे दुसऱ्या कंपनीचे काढले असेल, तर दुसरी कंपनी सरळ म्हणणार की तुम्ही वेळेवर आला नाहीत, तुमचे तिकीट संपले. पहिली म्हणणार की आम्ही तुम्हाला दिल्लीला पोचवले, पुढचे आम्हाला ठाऊक नाही. आणि एजंटाने एकच पावती दिली म्हणून तिकीट एकच असेल असे धरून चालू नये. ‘दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत ना, सामान थेट जाणार ना?’ एवढे दोन प्रश्न तोंडावर विचारावेत आणि उत्तर मोबाईलवर लिहून मागावे.

परमुलखात विमान बदलायचे असेल तर वेगळ्या तिकिटांनी आणखी एक घोळ होतो. सामान घेऊन पुन्हा द्यायचे तर विमानतळाच्या आतून बाहेर यावे लागते आणि बाहेर यायला त्या देशाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर माणूस आत आणि पेटी बाहेर. इंग्रजी न येणाऱ्या एकट्या बाईला असे तिकीट कधीही काढून देऊ नये, मग ते कितीही स्वस्त मिळो.

दुसरी गोष्ट मोबाईल नंबरची. आपल्याकडे तिकीट एजंट काढतो किंवा पुण्यातला भाचा काढतो आणि नंबर त्याचाच घालतो. विमान रद्द झाल्याचा निरोप जातो त्याच्याकडे आणि प्रवासी पहाटे लोहगावच्या दारात उभा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात तर स्पष्ट आहे की, तिकीट काढताना संपर्काचा नीट तपशील न देणाऱ्याला पैशांची भरपाई मिळत नाही. तेव्हा नंबर प्रवाशाचा स्वतःचाच घालावा.

तिसरी गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. एका तिकिटावरचा पहिला टप्पा न सांगता सोडला, तर कंपन्या पुढचे सगळे टप्पे, अगदी परतीचेसुद्धा, बहुधा रद्द करतात. पुण्याचे विमान आपल्या उशिराने चुकले म्हणून धावतपळत रेल्वेने दिल्ली गाठली, तरी तिथे जागा राखलेली असेलच असे नाही. म्हणून चुकल्याबरोबर आधी कंपनीला कळवावे आणि मगच पुढची हालचाल करावी.

आता नियम काय देतात ते पाहू. देशातल्या प्रवासात विमान रद्द होणार असेल तर कंपनीने आगाऊ कळवून दुसरे विमान द्यावे किंवा पैसे परत करावेत. वेळेत कळवले नाही, किंवा त्यामुळे त्याच तिकिटावरचे पुढचे विमान चुकले, तर तिकिटाच्या पैशांखेरीज भरपाईही आहे. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे व इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. उशीर दोन ते चार तासांवर गेला (उड्डाण जितके लांब तितकी ही मर्यादा जास्त) तर खाणे-पिणे द्यायचे असते. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. उशीर २४ तासांच्या पुढे गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतले विमान सहा तासांहून अधिक रखडले, तर राहण्याची सोयही कंपनीने करावी असा नियम आहे. आपण मागितल्याशिवाय मात्र हे कुणी हातात आणून ठेवत नाही.

यात एक पळवाट आहे आणि ती पुष्कळदा खरीही असते. वादळ, धुके, संप, सुरक्षेचा प्रश्न अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असली तर भरपाई मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर असे धुके उतरते की आपल्या नीरेच्या खोऱ्यातले पहाटेचे धुके त्यापुढे काहीच नव्हे. त्या दिवसांत दिल्लीला विमान बदलायचे असेल तर मध्ये दीड-दोन तास नव्हे, चांगले पाच-सहा तास ठेवावेत. धुके नसतानाही फजिती होतेच. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांशी मेळ न बसल्याने इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. अशा वेळी परत मिळतात ते रद्द झालेल्या विमानाचे पैसे. वेगळे काढलेले पुढचे तिकीट त्यात धरले जात नाही.

मुंबईहून जाणाऱ्यांनी आणखी सावध असावे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत. घाटाखाली उतरणाऱ्या आपल्या लोकांना तो जवळचा आहे, पण एक विमान नवी मुंबईचे आणि पुढचे मुंबईचे असे तिकीट पदरात पडले तर मध्ये खाडी आणि सगळी वाहतूक ओलांडायची आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळालाही दोन टर्मिनल आहेत आणि तीही शेजारीशेजारी नाहीत. शहराच्या नावापुढे विमानतळ आणि टर्मिनल कोणते आहे ते वाचावे. परदेशातून येताना तर भारतातल्या पहिल्या विमानतळावर सामान घेऊन, कस्टम ओलांडून, ते पुन्हा द्यावे लागते. त्यालाच तास-दीड तास सहज जातो.

आणि आपला स्वतःचा पहिला टप्पा विसरू नये, तो म्हणजे घर ते लोहगाव. वेल्ह्याहून नसरापूरपर्यंतचा रस्ता, शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला येणाऱ्यांच्या गाड्या, मग कात्रजचा नवा बोगदा, नवले पूल आणि पुढे सगळे पुणे शहर आडवे पार करायचे. देशातल्या विमानाचा सामान घेण्याचा काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो. रस्त्यावर झालेल्या उशिराला विमान कंपनी जबाबदार नसते. पहाटेचे विमान असेल तर आदल्या रात्रीच पुण्यात नातेवाइकाकडे मुक्काम करावा. पाहुणचार होतो आणि जीवही टांगणीला लागत नाही.

रेल्वेच्या उशिराचे मात्र एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. ११ जून २०१६ रोजी अजमेर-जम्मू एक्सप्रेस सुमारे चार तास उशिरा जम्मूला पोचली. तिच्यातल्या एका कुटुंबाचे दुपारी बाराचे श्रीनगरचे विमान चुकले आणि त्यांना टॅक्सी करून जावे लागले. अलवरच्या ग्राहक मंचाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रेल्वे वरपर्यंत लढली, पण सप्टेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचे म्हणणे फेटाळले. उशिराचे कारण हाताबाहेरचे होते हे रेल्वेने दाखवायला हवे होते आणि ते तिला दाखवता आले नाही. टॅक्सीचे १५,०००, बुकिंगचे १०,००० आणि मनस्ताप व खर्चापोटी प्रत्येकी ५,००० रुपये कायम झाले. रक्कम मोठी नाही, पण ती मिळाली कारण कुटुंबाने तक्रार शेवटपर्यंत लावून धरली.

आपल्यालाही हा रस्ता मोकळा आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, आणि तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा करता येतो. म्हणजे विमान दिल्लीत चुकले तरी भोरच्या माणसाने पुण्यात अर्ज द्यावा. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. परदेशी प्रवासाला १९९९चा माँट्रियल करार लागू पडतो, भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यात पेटी फुटली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी कळवावे लागते. विमानतळ सोडण्यापूर्वीच काउंटरवर नोंद करून कागद घ्यावा. त्याबरोबर बोर्डिंग पास, पेटीला लावलेल्या चिठ्ठीचा तुकडा, जेवणाची, टॅक्सीची, लॉजची पावती हे सगळे एका पिशवीत घालून जपावे. उशीर का झाला हे कंपनीच्या माणसाकडून लिहून घ्यावे, आणि तो लिहून देत नसेल तर फलकाचा मोबाईलवर फोटो काढावा.