डिकीचा खडखडाट : आधी आवाज शोधावा, मग पैसा खर्चावा

मुलाने गाडीच्या डिकीत मोठा बेस स्पीकर बसवून घेतला. तेव्हा आम्ही काही बोललो नाही. परंतु त्याच गाडीतून आम्ही कापडाचे नमुने घेऊन दुकानोदुकानी जातो. गाडी थांबण्यापूर्वीच पत्र्याचा खडखडाट गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचू लागला, तेव्हा इलाज करणे भाग पडले.

एका दुकानदाराने संपूर्ण डिकीला शीट लावण्याचे नऊ हजार सांगितले. आम्हाला वाटले, कापड तर आपल्या घरचे! जुन्या रजयांचे तुकडे व गोणपाट डिकीच्या तळाला चिकटवून टाकले. पावसाळ्यात कुबट वास आला. उचलून पाहिले तर खाली गंज, आणि खडखडाट जसाच्या तसा. आयुष्य कापडात घालवलेल्या माणसाने ओल धरणारा माल लोखंडावर चिकटवावा, याला काय म्हणावे?

शेवटी सीट-कुशनचे काम करणाऱ्या एका कारागिराने आमची चूक दाखवली. 50 हर्ट्झच्या बेसची लाट सुमारे 7 मीटर लांब असते. बोटभर जाड रजई तिला अडवू शकत नाही. शिवाय खडखडाट हा मुळात स्पीकरचा आवाज नव्हेच. हवेच्या दाबाने पत्रा हलतो व शेजारच्या वस्तूवर आपटतो, तो हा आवाज. म्हणून त्या दोन वस्तू एकमेकींवर आपटू न देणे हाच खरा उपाय.

त्याची रीत अशी. प्रथम डिकी रिकामी करावी. जॅक, पाना, स्टेपनी हेच अनेकदा गुन्हेगार निघतात. नंतर इंजिन बंद ठेवून संथ, जड बेसचे गाणे लावावे. एकाने बाहेर उभे राहून एकेक भाग तळहाताने दाबावा. दाबताच आवाज थांबला, की जागा सापडली. आमच्या गाडीत पहिला चोर नंबरप्लेट होती. तिच्यामागे फोमची दुहेरी टेप सरकवली. उच्च सुरक्षा नंबरप्लेट असेल तर तिचे रिव्हेट काढू नयेत, टेप बाजूने सरकवावी. दुसरा दोष झाकणात होता. कडेचे रबरी गट्टू थोडे बाहेर फिरवले, तेव्हा झाकण घट्ट बसले. एवढ्याने अर्ध्याहून अधिक आवाज गेला आणि खर्च शंभर रुपयांच्या आतच राहिला.

उरलेल्या थरथरत्या पत्र्याला ब्यूटाइल रबराची 2 मिलिमीटर शीट लावावी. संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नाही. मधला चौथा ते तिसरा हिस्सा पुरतो. तेल-धूळ पुसून, रोलरने दाबून बसवावी. स्वस्त डांबरी शीट उन्हात पघळते, वास मारते. पाणी निचऱ्याची छिद्रे मात्र बुजवू नयेत.

कापडाचीही जागा आहे, पण कोरडी. वायरिंगला कापडी टेप गुंडाळावी, प्लास्टिक अस्तर व पत्रा यांच्या फटीत फेल्टची पट्टी घालावी. आमच्या कारागीर बांधवांनी हे काम जरूर शिकून घ्यावे. यात भांडवल थोडे लागते. मजुरी मात्र आवाज शोधण्याची घ्यावी, शीटच्या वजनाची नव्हे.

आमच्या गाडीत आता मागच्या काचेखालील फळीचा बारीक आवाज तेवढा उरला आहे. तिच्या क्लिपा जुन्या झाल्या आहेत, त्या बदलायच्या आहेत.