परदेशातील वापरलेली मोटार स्वतः आयात करणे : अनुमती आणि वास्तव

प्रस्तावना :

परदेशात काही वर्षे नोकरी करून स्वदेशी परतणाऱ्या कुटुंबांपुढे घरसामान, मुलांच्या शाळा आणि बँकेतील ठेवी यांबरोबरच आणखी एक प्रश्न हमखास उभा राहतो. तो म्हणजे तेथे वापरात असलेल्या मोटारीचे काय करावे? मोटार चांगल्या स्थितीत असते, तिची सवय झालेली असते आणि तेथील बाजारात तिला मिळणारी किंमत मनाला पटत नाही. ‘जहाजाने घेऊन जावी’ हा विचार अशा वेळी स्वाभाविक ठरतो. भारतीय कायद्याने अशा आयातीवर बंदी घातलेली नाही. असे असूनही प्रत्यक्षात ही आयात क्वचितच घडते. ज्या गोष्टीला अनुमती आहे ती घडत का नाही, याचे उत्तर बंदीच्या कलमात न सापडता अटींच्या तपशिलात आणि कराच्या गणितात सापडते. प्रस्तुत लेखात याच तपशिलाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

स्वातंत्र्योत्तर काळात मोटारींची आयात परवान्याच्या कक्षेत होती. परदेशी वकिलातींनी वापरलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि विदेशी गाडी बाळगण्याची हौस असणाऱ्यांची मदार बहुतांशी त्यांवरच असे. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने दाखल केलेल्या तक्रारीचा निकाल १९९९ मध्ये भारताच्या विरोधात गेला. त्यानंतर आयातीवरील संख्यात्मक निर्बंध टप्प्याटप्प्याने उठविणे भाग पडले व उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध ३१ मार्च २००१ रोजी जाहीर झालेल्या धोरणाने दूर झाले. जुन्या मोटारींना दार उघडे झाले ते याच वेळी. मात्र त्याच दारावर अटींची साखळीही त्याच वेळी चढविण्यात आली. बंदी घातली तर ती आंतरराष्ट्रीय करारात बसत नाही. सुरक्षितता व प्रदूषण यांच्या नावाने घातलेली अट मात्र बसते. धोरणकर्त्यांनी हा भेद अचूक ओळखला होता, असे म्हणावे लागते.

अटींचे स्वरूप :

आयात होणारी जुनी मोटार उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून अधिक जुनी नसावी, ही पहिली अट. येथे खरेदीची किंवा नोंदणीची तारीख धरली जात नाही. विक्रेत्याकडे सहा महिने उभी राहिलेली गाडी घेणाऱ्याचे तेवढे सहा महिने आधीच खर्ची पडलेले असतात. स्टिअरिंग उजव्या बाजूस असावे, ही दुसरी अट. या एका वाक्याने अमेरिका, कॅनडा, आखाती देश आणि युरोपचे मुख्य भूखंड, म्हणजे मराठी माणसे मोठ्या संख्येने जेथे गेली ते बहुतेक प्रदेश, हिशेबातून बाद होतात. वास्तविक मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२० नुसार डाव्या स्टिअरिंगचे वाहनही विहित इशारा-यंत्रणा बसविलेली असल्यास रस्त्यावर चालविता येते. रस्त्याचा कायदा जे चालवून घेतो, ते व्यापाराचे धोरण बंदरावरच अडविते.

उजव्या स्टिअरिंगच्या देशांत ब्रिटन आहे. परंतु तेथील वेगमापक प्रामुख्याने मैलांत असतो आणि भारतीय अटीनुसार तो किलोमीटर दाखविणारा हवा. याखेरीज हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस अनुरूप असावा लागतो. आयातीनंतर किमान पाच वर्षे वाहन रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि त्या काळात त्याच्या देखभालीची सोय देशात उपलब्ध असेल, अशी हमी आयातदाराने द्यावयाची असते. कंपनीला अशी हमी देणे कदाचित शक्य आहे. एखाद्या प्राध्यापकाने किंवा अभियंत्याने, भारतात न विकल्या जाणाऱ्या जपानी गाडीचे सुटे भाग पाच वर्षे मिळतील याची हमी कशाच्या बळावर द्यावी?

यानंतर चाचण्या येतात. जहाजावर चढविण्यापूर्वी वाहनाची तपासणी होऊन ते भारतीय मोटार वाहन नियमांशी जुळते, असे प्रमाणपत्र परदेशातील चाचणी संस्थेकडून घ्यावे लागते. जुन्या मोटारींसाठी बंदर एकच नेमलेले आहे, ते म्हणजे मुंबई. तेथे उतरल्यावर, पण सीमाशुल्क खात्याने सोडण्यापूर्वी, भारतातील मान्य संस्थेकडून पुन्हा चाचणी करावयाची असते. या संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना आणि मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र यांचा समावेश होतो. दोन संस्था महाराष्ट्रातच असल्याने अंतर फार नाही. परंतु चाचणी व कागदपत्रे पूर्ण होईतो गोदीतील जागेचे भाडे वाढतच असते. त्याच मुंबई बंदरातून भारतात तयार झालेल्या नव्या मोटारी जहाजे भरून परदेशी रवाना होतात, हे दृश्य या संदर्भात पुरेसे बोलके आहे.

मूल्यनिर्धारण व कर :

सर्वसामान्य आयातदाराची सर्वांत मोठी फसगत येथे होते. परदेशात गाडी स्वस्तात मिळाली, तिची पावती आहे, म्हणून त्याच रकमेवर कर लागेल असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात सीमाशुल्क खाते त्या गाडीची नवी असतानाची किंमत आधार धरते आणि तीतून ठरावीक घसारा वजा करते. पहिल्या वर्षी दर तिमाहीस ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी २.५ टक्के व पुढे २ टक्के, अशी ही श्रेणी असून तिची कमाल मर्यादा ७० टक्के आहे. म्हणजे दोन वर्षांच्या गाडीस २८ टक्के सूट मिळते, मग परदेशी बाजारात तिची किंमत निम्म्यावर का आली असेना.

नवी असताना २० लाख रुपये किंमत असलेली व दोन वर्षे वापरलेली मोठ्या इंजिनाची पेट्रोल मोटार उदाहरणादाखल घेऊ. घसारा जाता मूल्य १४.४० लाख रुपये होते. जहाजभाडे व विमा मिळून १.६० लाख धरल्यास करपात्र मूल्य १६ लाख रुपये ठरते. जुन्या मोटारींवरील मूळ सीमाशुल्क २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १२५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा वृत्तपत्रांतून आयात स्वस्त होणार असे चित्र उभे राहिले. परंतु त्याच वेळी ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावण्यात आला व समाजकल्याण अधिभार वगळण्यात आला. बेरीज पूर्वीइतकीच, म्हणजे १३७.५ टक्के राहिली. तेव्हा १६ लाखांवर २२ लाख शुल्क होऊन रक्कम ३८ लाखांवर जाते. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींना लागू झालेला ४० टक्के वस्तू व सेवा कर १५.२० लाख होतो. अशा रीतीने परदेशात नवी असताना २० लाखांस मिळणारी गाडी, दोन वर्षे वापरून झाल्यावर मुंबईच्या धक्क्यावर ५३.२० लाखांस पडते. राज्याचा वाहनकर, चाचणीचा खर्च आणि क्लिअरिंग एजंटाचे शुल्क यांत धरलेले नाही.

कायमच्या वास्तव्यासाठी परतणाऱ्यांना धोरणात काही सवलत आहे. सलग दोन वर्षे परदेशात राहिलेल्या आणि गाडी किमान एक वर्ष स्वतःच्या ताब्यात असलेल्या व्यक्तीस एक मोटार आणता येते. परंतु ही सवलत परवानगीपुरती आहे, करापुरती नाही. घरसामानावर मिळणारी शुल्कमाफी मोटारीला लागू होत नाही. शुल्क पूर्णच भरावे लागते. हा फरक न समजल्यामुळे गाडी जहाजावर चढवून मोकळे होणाऱ्यांची पंचाईत होते.

न्यूझीलंडचा अनुभव :

याच्या अगदी उलट चित्र न्यूझीलंडमध्ये दिसते. तेथे सामान्य नागरिक जपानमधील जुनी मोटार स्वतः मागवू शकतो व अनेकजण मागवितात. जपानमध्ये नव्या खाजगी मोटारीला तीन वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ ही सक्तीची व खर्चीक तपासणी करून घ्यावी लागते. त्यामुळे पुष्कळ मालक चांगल्या गाड्याही काढून टाकतात. या गाड्या लिलावगृहांत येतात आणि प्रत्येकीसोबत तपासनिसाने दिलेली श्रेणी, चाललेले किलोमीटर व ओरखडे-डाग यांच्या खुणा असलेला तक्ता असतो. परदेशस्थ ग्राहकाला बोली सभासद दलालामार्फतच लावावी लागते. न्यूझीलंडमध्ये उतरल्यावर मोटारींवर सीमाशुल्क नाही. १५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तपासणी मात्र तेथेही कडक आहे. गाडीत माती, बियाणे वा कीटक राहिले नाहीत ना, हे पाहिले जाते. दुर्गंधी ढेकणांचा प्रादुर्भाव आढळल्याने २०१८ मध्ये जपानहून मोटारी घेऊन आलेली काही जहाजे परत पाठविण्यात आली होती. थोडक्यात, तेथील अटी वाहनाच्या दर्जाविषयी आहेत व एकटा माणूस त्या पूर्ण करू शकतो.

या मोकळिकीची किंमतही त्या देशाने मोजली आहे. मोटारींवरील शुल्क १९९८ मध्ये रद्द झाले आणि त्याच वर्षी थेम्स येथील टोयोटा, नेल्सन येथील होंडा, पोरिरुआ येथील मित्सुबिशी व वीरी येथील निसान हे चारही जुळणी कारखाने बंद पडले. चाकण, पिंपरी, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर येथील वाहन व सुट्या भागांच्या उद्योगावर किती घरे चालतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना भारतीय धोरणाची भीती निराधार वाटणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात १ कोटी ४० लाख वापरलेली हलकी वाहने जगभर निर्यात झाली व त्यांतील बहुतांश अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेली. त्यांतील अनेक वाहने प्रदूषणाच्या किमान निकषांतही बसत नव्हती. तेव्हा आक्षेप संरक्षणाला नाही. संरक्षणाचे काम तपासणीच्या अटींवर सोपविण्याला आहे. शुल्क किती आहे हे नागरिकाला मोजता येते. पूर्ण करता न येणारी हमी मात्र अर्ज करेपर्यंत लक्षातच येत नाही.

आडवाटा आणि त्यांतील धोका :

सरळ वाट इतकी अरुंद असली की आडवाटा तयार होतात. परतणाऱ्या कामगाराच्या पारपत्रावर दुसऱ्याच्याच पैशाने महागडी गाडी आणणे, उत्पादनाचे वर्ष बदलून दाखविणे, मूल्य कमी लावणे, अशी प्रकरणे महसुली गुप्तवार्ता यंत्रणेने वेळोवेळी उघड केली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने भूतानमार्गे आणल्याचा संशय असलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम राबविली व अनेक वाहने ताब्यात घेतली. मोहिमेचे नाव होते ‘नुमखोर’. भूतानच्या झोंखा भाषेत त्याचा अर्थच वाहन असा आहे.

अशा प्रकरणांत गाडी आणणारा बहुधा दूर निघून गेलेला असतो आणि खात्याचे अधिकारी येतात ते तिसऱ्या वा चौथ्या मालकाच्या दारी. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार बेकायदा आयात केलेली वस्तू जप्तीस पात्र असते. आरटीओत नोंदणी झाली एवढ्याने तो दोष धुऊन निघत नाही. म्हणून भारतात आधीच नोंदलेली परदेशी बनावटीची जुनी मोटार घेणाऱ्याने नोंदणी पुस्तकावर समाधान न मानता मूळ बिल ऑफ एंट्रीची प्रत व शुल्क भरल्याचे चलन मागावे, त्यांवरील चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा आणि उत्पादनाचे वर्ष निर्मात्याच्या नोंदीवरून पडताळावे. ही कागदपत्रे ‘नंतर देतो’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार तेथेच थांबविणे इष्ट.