उभ्या उभ्या

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक ठराव झाला. गेटवरचा वॉचमन दुपारी पेंगतो, सबब त्याची खुर्ची काढून घ्यावी. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव मंजूर. आम्ही बावीस जण होतो आणि बावीसही जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. विरोधात हात वर करायचं मलाही सुचलं नाही. समोसे यायचे होते.

जिना चढताना उजव्या टाचेत एक जुनी कळ आली. खरंच आली की आठवणीनं आली, कोण जाणे. मला १९९७ साल आठवलं, ज्या वर्षी माझी खुर्ची काढली होती.

त्याआधीच्या चौदा वर्षांच्या नोकरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाय होते, चालत होते, त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड होती? पायांच्या तक्रारी म्हणजे आजीच्या टाचांच्या भेगा आणि त्यात भरायचं कोकमाचं तेल. नाहीतर वडिलांच्या करंगळीवरचं कुरूप, जे ते दर रविवारी दाढीच्या ब्लेडनं तासायचे. पुढे त्यांना मधुमेह निघाला तेव्हा आईनं ते ब्लेड आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या कुरुपाच्या पट्ट्या, दोन्ही उकिरड्यावर टाकलं. तिला कारण माहीत नव्हतं, पण केलं ते बरोबरच. त्या पट्ट्यांत कातडी जाळणारं आम्ल असतं आणि मधुमेहात तळव्याची जाणीव बोथट होते. कापलेलं, भाजलेलं कळत नाही, आणि कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते.

तर १९९७. जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले. पहिल्याच आठवड्यात शिपायांनी वर्गावर्गातून खुर्च्या उचलल्या. टेबल ठेवलं, खुर्ची नेली. 'शिक्षक बसला की वर्ग झोपतो,' हे त्यांचं वाक्य स्टाफरूममध्ये आम्ही त्यांच्याच आवाजात म्हणायचो. त्यांच्या केबिनमधली फिरती खुर्ची त्याच महिन्यात नवी आली, हे आपलं सहज सांगितलं.

मी विज्ञान शिकवायची. दिवसाच्या आठ तासिकांपैकी सहा माझ्या. सहाही उभ्यानं. पायाखाली शहाबादी फरशी, आणि पुढल्या वर्षी देणगी मिळाल्यावर तिच्या जागी चकचकीत टाइल्स. घरी आलं की ओटा. माझी आजी चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करायची. आईच्या काळात ओटा आला आणि आम्ही त्याला सुधारणा म्हटलं. होतीच ती सुधारणा. धूर गेला, वाकणं गेलं. पण बाई उभी राहिली ती राहिलीच.

२००० सालच्या पावसाळ्यात एका पहाटे पलंगावरून पाय खाली टाकला आणि टाचेत काटा मोडला. म्हणजे मला तसंच वाटलं. मी खाली बसले, दिवा लावला, चष्मा चढवला, टाच उलटी करून सुईनं काटा शोधू लागले. काही नव्हतं. भिंत धरून मोरीपर्यंत गेले. दहा-पंधरा पावलांनंतर कळ ओसरली. मला वाटलं, गेली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये टेकले, घंटा झाली, उठले, आणि ती पुन्हा हजर. हे तिचं वैशिष्ट्य मला पुढे दीड वर्ष पाठ झालं. विश्रांतीनंतरचं पहिलं पाऊल तिचं. मग थोडी सवलत. आणि संध्याकाळी व्याजासकट वसुली.

नववीच्या वर्गात एकदा मी डावा पाय जमिनीवर आणि उजव्या पायाचा फक्त चवडा टेकवून परावर्तन शिकवत होते. पहिल्या बाकावरच्या एका मुलानं अगदी सरळ मनानं विचारलं, 'बाई, तुम्हाला कुणी शिक्षा केलीय का?' वर्ग हसला. मी त्याला बाकावर उभं केलं. नंतर बरेच दिवस मला त्या तासिकेची लाज वाटत होती. माझ्या सगळ्या आवडत्या शिक्षा उभ्याच्या होत्या. बाकावर उभा राहा, दाराबाहेर उभा राहा, अंगठे धरून उभा राहा. उभं राहणं ही शिक्षा आहे हे मला चांगलं माहीत होतं, आणि तीच मी सहा तासिका भोगत होते.

त्या काळात टाचदुखीवर एकच निदान होतं. 'टाचेचं हाड वाढलंय.' वाणी सांगायचा, रिक्षावाला सांगायचा आणि डॉक्टरही सांगायचे. आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि टाचेच्या हाडाला खालून फुटलेल्या चोचीभोवती पेन्सिलीनं गोल काढला. इतकं छान दिसलं की मी विश्वास ठेवला. पुढे वाचलं तेव्हा कळलं की तशी चोच कधीही न दुखणाऱ्या कितीतरी टाचांत सापडते आणि ठणकणाऱ्या कितीतरी टाचांत सापडत नाही. दुखणं त्या चोचीचं नसतंच. पण चोच फिल्मवर दिसते, आणि जे दिसतं त्याचं बिल करता येतं.

मग इंजेक्शनं. थेट टाचेत, स्टेरॉइडची. ज्यांनी घेतलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पहिल्यानंतर महिनाभर मी अक्षरशः उड्या मारल्या. दुसऱ्यानंतर तीन आठवडे. तिसऱ्यानंतर आठ दिवस. चौथं भरायला घेतलं तेव्हा मी पर्स उचलली. बरंच झालं. या इंजेक्शनाचा आराम काही आठवड्यांचाच असतो, आणि ते पुन्हा पुन्हा घेतलं तर तळव्याचा पट्टा फाटू शकतो, टाचेखालची चरबीची गादीही झिजू शकते. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. डॉक्टरांना उलट विचारायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती.

घरगुती इलाजही चालूच होते. शेजारच्या काकूंनी वीट तापवायला लावली. गॅसवर लाल होईपर्यंत वीट, तिच्यावर रुईची पानं, आणि त्यांवर टाच. पानं चरचरायची, घरभर कडवट वास सुटायचा, आणि रुईचा चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून काकू मुलांना गॅलरीत पिटाळायच्या. तासभर बरं वाटायचं, शेकल्यावर वाटतं तसं. एका वैद्यांनी 'वातकंटक' असं नाव सांगितलं. सुश्रुतसंहितेत आहे म्हणाले, आणि आहेच ते. त्यांचा लेप काही लागू पडला नाही, पण त्या दीड वर्षात 'दिवसभर उभ्या असता का?' हा प्रश्न विचारणारे ते एकटेच.

मऊ चप्पल घाला, अनवाणी फिरू नका, हा सल्ला मात्र सगळ्यांचा. तो पाळायचा कुठे? सासूबाई म्हणाल्या, घरात देव आहेत. चपला उंबऱ्याबाहेर. शेवटी तहाची बोलणी होऊन कापडी सपाता आल्या. त्या फक्त घरातच वापरायच्या आणि देवासमोर काढायच्या. सपाता पातळ होत्या, तह टिकला, टाच तशीच.

एमसीआर चपलेची गंमत तर वेगळीच. तेव्हा ती काळी, जाड, ओबडधोबड यायची. मावशी मला म्हणाली, 'ती घालून माझ्या दारात येऊ नकोस.' मावशीचं चुकलंच, पण तिची भीती उगाच नव्हती. सूक्ष्म छिद्रांच्या रबराचे हे तळ कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरात आणले. चप्पल पाय वाचवायची, पण रस्त्यात लोक ती ओळखायचे आणि बाजूला व्हायचे. ज्यांचा पाय तिनं वाचवला त्यांनाच ती घालून बाहेर पडण्याची चोरी. आज तेच रबर रंगीत पट्टे लावून 'डॉक्टर चप्पल' म्हणून शोकेसमध्ये बसलंय. परवा मावशीची सून तीच घालून आली.

सुटका झाली ती २००२ च्या सुरुवातीला, सरकारी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात. पंचविशीही न ओलांडलेली शिकाऊ मुलगी होती. तिनं एक्स-रे पाकिटातून बाहेरसुद्धा काढू दिला नाही. म्हणाली, 'मॅडम, हाड विसरा.' मग माझ्या पायाची बोटं हातानं मागे वळवली आणि तळव्याखाली ताणलेली दोरी मला माझ्याच अंगठ्यानं चाचपायला लावली. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला हा जाड पट्टा पायाची कमान तोलून धरतो. रात्रभर तो आखडतो, सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो आणि टाचेशी जिथे जोडलेला असतो तिथे कळ उठते.

उपाय इतका साधा की मला अपमान झाल्यासारखं वाटलं. सकाळी पाय जमिनीला लावायच्या आधी, पलंगावरच बसून, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा. बोटं नडगीकडे ओढायची. दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोटऱ्या ताणायच्या, कारण आखडलेली पोटरी टाचेला मागून खेचते. चपलेत टाचेखाली मऊ गादी. बस्स. 'किती दिवस?' मी विचारलं. 'महिने विचारा,' ती म्हणाली. मला नऊ लागले. तिनं फी घेतली नाही. सरकारी केसपेपरचे काय ते पैसे.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेत एकशे एक रुग्णांवर झालेला अभ्यास छापून आला. त्यात नेमका हाच ताण नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला होता. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर सूज अशी सापडलीच नाही. सापडली ती झीज. म्हणजे मी त्या काळात गिळलेल्या सूज उतरवायच्या गोळ्याही वायाच.

टाचेखालची गादी मला कोपऱ्यावर चप्पल शिवणाऱ्या काकांनी कापून दिली. त्यांनी चपलेचा तळ उलटा धरून माझी टाच कुठे झिजवते ते बघितलं, जाड नमदा पाऊण बोट कापला, कडा रापीनं उतरत्या केल्या. पाच रुपये. हल्ली मॉलमध्ये काचेवर उभं करून पावलाचा रंगीत नकाशा काढतात आणि काही हजारांचे तळ बनवून देतात. पण १९९९ मध्येच एका मोठ्या अमेरिकन चाचणीत, व्यायामाच्या जोडीला दिलेल्या तयार सिलिकॉनच्या, रबराच्या आणि नमद्याच्या गाद्या मापानं बनवलेल्या महाग तळांपेक्षा चांगल्या ठरल्या होत्या. काका मात्र रस्ता रुंदीकरणात गेले, डोक्यावरच्या झाडासकट.

मुख्याध्यापक २००५ ला निवृत्त झाले. खुर्च्या वर्षभरानं परत आल्या. शिक्षणखात्याची तपासणी होती आणि खुर्चीविना वर्ग बरा दिसला नसता. पुढे एका लग्नात सर भेटले, गुडघ्याचं ऑपरेशन करून बसलेले. 'बसा ना बाई,' म्हणाले. मी म्हटलं, 'नको सर, सवय आहे.' आणि चांगली वीस मिनिटं उभ्यानं बोलले. टाच ठणकली, पण आनंदानं.

त्यानंतरच्या वर्षांत निवृत्ती, नातवंडं आणि दहा हजार पावलांचं वेड, एवढंच. तो दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना जन्मला, कुणा वैद्यानं शोधून काढलेला नव्हे. पण आमच्या ग्रुपवर तो वेदवाक्य झाला. दोन हजारांवरून एका आठवड्यात दहा हजारांवर उडी मारणाऱ्या तीन मैत्रिणी माझ्याकडे लंगडत आल्या. मी त्यांना पलंगावर बसवून बोटं ओढायला लावली. पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून सावकाश टाचा उचलायचा व्यायामही शिकवला. डेन्मार्कच्या एका चाचणीत नुसत्या ताणापेक्षा त्यानं तीन महिन्यांत जास्त आराम पडला, वर्षभरानं दोन्ही गट सारखेच. एकीच्या पायाला मुंग्या येत होत्या आणि रात्री निजल्यावरही ठणका थांबत नव्हता. तिला मात्र मी तडक डॉक्टरांकडे धाडलं. ते दुखणं आपल्या खात्यातलं नव्हे.

पण खुर्चीचं काय? १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ होतं. उभ्यानं काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय मालकानं करायची. दुकानांत साड्या दाखवत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी केरळात लढून २०१८ ला बसण्याचा हक्क मिळवला. तामिळनाडूनं २०२१ ला तसाच कायदा केला. बसायला मिळावं म्हणून कायदा लागतो, हे वाचून मला हसू आलं नाही.

ठरावानंतर चार दिवसांनी मी गेटवर थांबले. वॉचमनचं वजन एका पायावर होतं, दुसऱ्याचा फक्त चवडा टेकलेला. मला शिकवायला नको. 'सकाळी पहिलं पाऊल टाकवत नाही ना?' तो दचकला. बूट काढायला लावला. एजन्सीनं दिलेला काळा बूट नऊ नंबरचा, पाय सातचा, पुढे वर्तमानपत्राचा बोळा. बुटाचे पैसे पगारातून कापलेले. पार्किंगमधल्या कठड्यावर बसवून त्याला बोटं ओढायला शिकवलं. 'महिने लागतील,' म्हटलं. 'मॅडम, ड्युटी बारा तासांची आहे,' तो म्हणाला.

घरातलं लाकडी स्टूल त्या संध्याकाळी खाली नेऊन गेटच्या आतल्या बाजूला ठेवलं. ठरावात खुर्ची म्हटलंय, स्टूल म्हटलेलं नाही. दोनदा कुणीतरी ते जिन्याखाली सरकवलं, दोनदा मी परत ठेवलं. काल सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. 'गेटजवळील स्टूल कोणाचे आहे? संबंधितांनी त्वरित घेऊन जावे.' खाली सात जणांनी अंगठे दाखवलेत. मी अजून उत्तर दिलेलं नाही.