रोल भरून निघण्यापूर्वी
युटा-ॲरिझोनाच्या कॅन्यन प्रदेशात फिल्म कॅमेरा घेऊन जाताना

● मोसम : एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वादळी पावसाचे दिवस. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक दगावले. पाऊस पडला होता दूर, वरच्या अंगाला. डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी पुराचा इशारा पाहूनच घळीत उतरा.

● उजेड : ब्राइसचं मुख्य खोरं पूर्वाभिमुख, तिथे सूर्योदय गाठा. अप्पर अँटिलोपमध्ये उन्हाचे झोत तळाशी पोचतात ते उन्हाळ्यात, भर दुपारच्या सुमारास.

● मीटरिंग : कलर निगेटिव्ह असेल तर सावलीतल्या खडकावरून, स्लाइड असेल तर उन्हातल्या खडकावरून. स्लाइडवर जळालेला उजेड परत मिळत नाही.

● रोलची काळजी : विमानतळावरच्या सीटी स्कॅनरने फिल्म खराब होते, रोल पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. उन्हात उभ्या गाडीत रोल ठेवू नका. रोल बदलताना वाऱ्याकडे पाठ करा. वाळूचा एक कण अख्ख्या रोलवर ओरखडा उमटवतो.

● प्रवेश : अँटिलोप नवाहो भूमीवर आहे, गाइडशिवाय प्रवेश नाही, बुकिंग आधीच करा. झायनच्या मुख्य खोऱ्यात वर्षातला बराच काळ खासगी गाड्यांना बंदी, शटल बसनेच जावं लागतं.

● घड्याळ : उन्हाळ्यात नवाहो नेशनचं घड्याळ उरलेल्या ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतं. टूरची वेळ कोणत्या घड्याळाची, हे बुकिंग करतानाच विचारा.