उच्च विशालनाची द्विनेत्री दुर्बीण

दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी पाहता येणाऱ्या आणि साधारणपणे १० पट किंवा त्याहून अधिक विशालन असलेल्या दुर्बिणीला उच्च विशालनाची द्विनेत्री दुर्बीण म्हणतात. बोलीभाषेत तिला ‘बायनॉक्युलर’ असेही म्हटले जाते. पक्षिनिरीक्षण, आकाशदर्शन, गिर्यारोहण आणि सागरी निरीक्षण यांसाठी ती वापरली जाते. नवी मुंबई परिसरात या प्रकारच्या दुर्बिणीची गरज प्रामुख्याने ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या निरीक्षणातून निर्माण झाली आहे. मात्र विशालन जितके जास्त तितकी दुर्बीण चांगली, हा समज बरोबर नाही.

अंकांचा अर्थ

दुर्बिणीवर ‘८×४२’, ‘१०×४२’, ‘१२×५०’ असे अंक कोरलेले असतात. पहिला अंक विशालन दाखवतो, तर दुसरा अंक वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. १० पट विशालनाच्या दुर्बिणीतून ५०० मीटरवरील पक्षी ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो. व्यासाला विशालनाने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. तो ८×४२ मध्ये सुमारे ५.३ मिमी, १०×४२ मध्ये ४.२ मिमी आणि २०×५० मध्ये केवळ २.५ मिमी असतो.

हा भागाकार निवडीच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त आहे. मानवी डोळ्याची बाहुली लख्ख उन्हात २ ते ३ मिमीपर्यंत आकुंचन पावते, तर अंधारात तरुण व्यक्तीमध्ये ती सुमारे ७ मिमीपर्यंत विस्तारते. वाढत्या वयाबरोबर ही मर्यादा कमी होते. त्यामुळे दुपारी २०×५० दुर्बिणीतील प्रतिमा पुरेशी उजळ भासते, परंतु पहाटे किंवा सूर्यास्तानंतर तीच प्रतिमा काळवंडते. पक्षी अधिक हालचाल करतात तो नेमका हाच काळ असतो.

अधिक विशालनाची किंमत

विशालन वाढले की प्रतिमेबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते. बहुतेकांना हातात धरून १० पट विशालन स्थिर ठेवता येते. १२ पटींना कोपर टेकवण्यासाठी कठडा किंवा गुडघा लागतो आणि १५ पटींच्या पुढे तिपाई जवळजवळ अनिवार्य ठरते. थरथरणाऱ्या १६ पट प्रतिमेत दिसणारा तपशील स्थिर ८ पट प्रतिमेपेक्षा कमी असू शकतो. विजेरीवर चालणारी प्रतिमा-स्थिरक यंत्रणा असलेल्या दुर्बिणी ही अडचण दूर करतात, पण त्या महाग आणि तुलनेने जड असतात.

दुसरी किंमत दृष्टिक्षेत्राची असते. १,००० मीटर अंतरावर ८ पट दुर्बिणीतून साधारणतः १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १० पट दुर्बिणीतून सुमारे ११० मीटरचा, तर २० पट दुर्बिणीतून त्याच्या जवळपास निम्माच. उडणारा पक्षी अशा अरुंद क्षेत्रात पकडणे नवशिक्यास फार कठीण जाते.

तिसरी मर्यादा हवेची आहे आणि तिच्यावर कोणत्याही भिंगाचा उपाय चालत नाही. भरदुपारी ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावरील तापलेली हवा सतत हलत असते. दुर्बीण ही हालचालही मोठी करून दाखवते. अशा वेळी पक्ष्यांची रूपरेषा पाण्यात बुडवून पाहावी तशी डचमळते.

नवी मुंबईतील वापर

ठाणे खाडीत लहान रोहित आणि मोठा रोहित या दोन्ही जाती आढळतात. त्यांचा मुक्काम साधारणतः नोव्हेंबर ते मे या काळात असतो. खाडीच्या काही भागास २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा देण्यात आला, तर २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी असून तिचे टोक काळे असते. लहान रोहिताची चोच गडद लाल, दुरून काळसर दिसणारी असते. शेकडो मीटर अंतरावरून हा फरक ओळखायचा तर १० किंवा १२ पट विशालनाचा प्रत्यक्ष उपयोग होतो. तुतवार आणि चिखल्या यांसारख्या लहान पाणपक्ष्यांच्या बाबतीत तेही अपुरे पडते. तेथे तिपाईवरील एकनेत्री निरीक्षण-दुर्बीण अधिक योग्य ठरते.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्यास विशालनाची गरज पुष्कळ कमी होते. ओहोटीला पक्षी दूरच्या चिखलावर विखुरतात. पाणी चढू लागले की ते किनाऱ्याकडे सरकतात आणि भरतीच्या वेळी नेरूळ-सीवूड्स परिसरातील पाणथळ जागांत विश्रांती घेतात. तेथे ८ पट दुर्बीण पुरते. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होणाऱ्या नौकाफेरीत तर जास्त विशालन अडथळाच ठरते. हलत्या नावेवर ७ किंवा ८ पट दुर्बीणच कामाची असते. नाविकांची पारंपरिक दुर्बीण ७×५० असण्याचे हेही एक कारण आहे.

विश्रांती घेणाऱ्या थव्याच्या जवळ गेल्यास तो उडतो आणि खाण्यासाठी लागणारी ऊर्जा उडण्यात खर्च होते. म्हणून विशालनाचा खरा लाभ दूर थांबता येण्यात आहे. पनवेल तालुक्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्यात परिस्थिती उलट असते. दाट झाडीत पक्षी जवळ पण सावलीत असतात. तेथे रुंद क्षेत्राची, दोन-तीन मीटरवरही स्पष्ट दिसणारी ८×४२ दुर्बीण स्वर्गीय नर्तकासारख्या चपळ पक्ष्यासाठी सोयीची असते.

आकाशदर्शन

१०×५० दुर्बिणीतून गुरूचे चार मोठे चंद्र, कृत्तिका तारकागुच्छ आणि अंधाऱ्या ठिकाणाहून देवयानी दीर्घिका दिसते. शनीची कडी स्पष्ट दिसण्यास मात्र सुमारे २५ पट विशालन लागते. १५×७० दुर्बीण चंद्राची विवरे उत्तम दाखवते, पण ती तिपाईवरच वापरावी. शहरी प्रकाशामुळे नवी मुंबईतील हौशी निरीक्षक वांगणी-नेरळ परिसरात जातात. योग्य गाळणीशिवाय दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

रचना व खरेदी

इटालियन शास्त्रज्ञ इन्याझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये लोलकांच्या ज्या रचनेचे पेटंट घेतले, ती आजही वापरात आहे. पोरो दुर्बिणीच्या नळ्या पायरीसारख्या असतात आणि कमी किमतीत त्या चांगली प्रतिमा देतात. छत-लोलकाच्या दुर्बिणी सरळ व सुटसुटीत असतात, त्यांना जलरोधक करणे सोपे असते. मात्र लोलकावर विशेष लेप नसल्यास प्रतिमा फिकी पडते.

बाजारात ‘६०×६०’ असे छापलेल्या स्वस्त दुर्बिणी विकल्या जातात. हे अंक खरे मानले तर प्रकाशशलाका १ मिमीची होईल. प्रत्यक्षात मोजपट्टीने वस्तुभिंग मोजले तर दावा पडताळता येतो. ‘१०-३०×५०’ अशा बदलत्या विशालनाच्या दुर्बिणीत वरच्या टोकाला क्षेत्र व उजळपणा दोन्ही घटतात. माणकासारख्या लाल चमकणाऱ्या लेपाने लाल प्रकाश परत फिरतो आणि रोहिताचा गुलाबी रंगच उणावतो. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळा व नेत्रिका यांतील अंतर किमान १५ मिमी ठेवता येते का, हे चष्मा लावूनच तपासावे.

कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते. आत नायट्रोजन भरलेल्या जलरोधक दुर्बिणीत हा धोका कमी असतो. इतर दुर्बिणी पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतात. चामड्याच्या बंद पिशवीत ओल टिकून राहते. खाडीवरून आल्यावर खारट थर प्रथम किंचित ओल्या मऊ कापडाने टिपावा; कोरडे पुसल्यास मिठाचे कण लेपावर ओरखडे पाडतात.