उत्तरकथा कां फसते?

अमेरिकन ग्रंथकार एल्. फ्रँक बॉम यांनीं १९०० सालीं मुलांसाठीं ओझ नांवाच्या अद्भुत देशाची गोष्ट लिहिली. तींत डॉरोथी ही मुलगी एका दुष्ट चेटकिणीवर बादलीभर पाणी फेंकते व चेटकीण विरघळून जाते. ती दुष्ट कां झाली, हें बॉम सांगत नाहींत. बालवाचक तें विचारीतही नाहींत. तो प्रश्न ग्रेगरी मॅग्वायर यांनीं १९९५ सालीं ‘विकेड’ या कादंबरींत विचारला. बॉम यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यांनीं चेटकिणीचें नांव एल्फाबा ठेविलें. ही मुलगी जन्मतःच हिरवी, म्हणून घरांत नकोशी. पुढें विद्यालयांत डिलामंड नांवाचे एक बोलते बोकड तिला अध्यापक म्हणून लाभतात. बोलत्या प्राण्यांचे हक्क हिरावून घेणाऱ्या सत्तेशीं ते झगडतात, आणि त्यांचा खून होतो. तेव्हांपासून एल्फाबाचा मार्ग बदलतो. पाणी तिच्यावर पडणारच, हें वाचकास आधींच ठाऊक असतें; म्हणूनच प्रत्येक पान उलटतांना जीव कासावीस होतो.

२००५ सालीं निघालेल्या ‘सन ऑफ अ विच’ या उत्तरकथेंत नेमका हाच आधार सुटला आहे. तिचा नायक लिर बॉम यांच्या गोष्टींत मुळींच नाहीं. आपण एल्फाबाचे पुत्र आहों कीं नाहीं हें त्यास ठाऊक नाहीं, आणि आपणांस काय हवें हेंही फारसें ठाऊक नाहीं! आरंभीं तो घायाळ स्थितींत सांपडतो, त्यास मठांत आणितात, आणि मग कितीतरी पानें कथा मागील आठवणींतूनच सरपटत चालते. हरवलेल्या नॉरच्या शोधार्थ तो कारागृहापर्यंत जातो. ती तेथून निसटल्याचें कळतें, आणि तो सैन्यांत शिरतो. शोध मागें पडतो. मांडव काढून घेतल्यावर वेल जमिनीवर पसरावी, तशी ही कथा पसरली आहे.

एका ठिकाणीं मात्र ती एकाएकीं ताठ उभी राहते. वरिष्ठांच्या आज्ञेवरून लिर बेंग्डा हें क्वाडलिंग लोकांचें गांव जाळण्यांत भाग घेतो. निरपराध माणसें मरतात. आज्ञा पाळली, एवढ्यानें मनुष्य दोषमुक्त होतो काय? हा प्रश्न लिरचा पिच्छा सोडीत नाहीं, आणि वाचकाचाही. ग्रंथकारांनीं सबंध कादंबरी याच एका प्रसंगाभोंवतीं उभारावयास हवी होती, असें आमचें मत आहे.

शेवटच्या पानावर एक नवजात अर्भक पावसानें धुतलें जातें व त्याचा हिरवा वर्ण उघड होतो. ज्या पाण्यानें एल्फाबाचा अंत केला, त्याच पाण्यानें तिचा वंश ओळखला जावा, ही योजना सुंदर आहे. परंतु तेथवर पोहोंचण्यास वाचकाजवळ बराच धीर लागतो. तीच मुलगी पुढें २०११ सालच्या ‘आउट ऑफ ओझ’ या चौथ्या भागाची नायिका झाली.