माणसं उतरली, होडी पुढे निघाली

१९९१चा ऑक्टोबर सरत आला होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर, अटलांटिक महासागरात एक भयंकर वादळ उठलं. पुढे 'परफेक्ट स्टॉर्म' या नावानं जगभर गाजलं ते हेच. त्या वादळात 'सटोरी' नावाची शिडाची होडी सापडली. लांबी जेमतेम ३२ फूट, होडीवर तिघं जण. तटरक्षक दलाचं जहाज आलं, हेलिकॉप्टर आलं आणि तिघांनाही सुखरूप उचलून घेऊन गेलं. होडी तिथंच सोडून द्यावी लागली. सुकाणूवर कुणी नाही, पाणी उपसायला कुणी नाही, भोवती डोंगराएवढ्या लाटा. मग तिचं काय झालं असेल?

काही दिवसांनी ती मेरीलँडच्या किनाऱ्यावर सापडली. एकटीच वाहत आली होती आणि वाळूत टेकून उभी होती, जवळजवळ धडधाकट. पुढे ती पुन्हा पाण्यात उतरली आणि समुद्रात फिरूही लागली.

हा नशिबाचा खेळ होता का? नशिबाचा वाटा असेलच, पण त्यामागे शंभर वर्षांचं शहाणपणही होतं. आणि त्याच शहाणपणामुळे आजही जगभरातली माणसं पन्नास वर्षं जुनी होडी विकत घेतात, तिची डागडुजी करतात आणि बायकोमुलांना घेऊन बेधडक महासागर ओलांडतात.

सटोरी ही 'वेस्टसेल ३२' जातीची होडी. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात अशा सुमारे आठशे होड्या तयार झाल्या. कंपनी पुढे बुडाली, होड्या मात्र तरंगत राहिल्या. आज त्या दुसऱ्या, चौथ्या, सातव्या मालकाच्या हातात आहेत. पण तिची कुळकथा कॅलिफोर्नियात सुरू होत नाही. त्यासाठी जायला हवं नॉर्वेच्या किनाऱ्यावर.

तिथं एकोणिसाव्या शतकात हिवाळी वादळांत मच्छीमारांच्या होड्याच्या होड्या बुडत. कॉलिन आर्चर नावाच्या जहाजबांधणीकारानं १८९३ मध्ये त्यांच्यासाठी बचावनौका उतरवली. तिचं काम काय, तर बाकीच्या होड्या जीव घेऊन बंदराकडे पळत असताना आपण उलट वादळात शिरायचं, अडकलेल्यांना गाठायचं आणि ओढून परत आणायचं. ही नौका पुढून जशी निमुळती तशीच मागूनही निमुळती. मागून चाल करून येणाऱ्या लाटेला सपाट पाठ दिली तर ती धडक देणार. टोकदार पाठ दिली तर तीच लाट दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते.

१९२०च्या दशकात विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आरेखकानं हीच नौका ३२ फुटांत बसवली आणि तिला 'एरिक' म्हटलं. वेस्टसेल ही या एरिकचीच वंशज. आता गंमत बघा. एरिकचा हाच आराखडा १९६०च्या दशकात येऊन पोचला थेट आपल्या मुंबईत! रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज दर्यावर्दी अधिकाऱ्यानं त्यावरून मुंबईच्या कारागिरांकडून सागवानी होडी बांधून घेतली. १९६४च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. नाव ठेवलं 'सुहेली'. म्हणजे मेरीलँडच्या वाळूवर एकटीच पोचलेली सटोरी आणि मुंबईत जन्मलेली सुहेली या चक्क चुलत बहिणी.

या घराण्याच्या अंगात असं आहे तरी काय? सुरुवात तळापासून करू. वेस्टसेलचं वजन सुमारे नऊ टन. त्यातले तीन टनांहून जास्त निव्वळ भार म्हणून अगदी खाली, तळाच्या कण्यात भरलेले असतात. वाऱ्यानं होडी कलंडू लागली की दोन गोष्टी एकदम घडतात. शीड आडवं होत जातं, त्यामुळे वाऱ्याची पकड सुटत जाते. आणि खालचं वजन बाजूला सरकल्यामुळे होडीला सरळ करणारा जोर एका मर्यादेपर्यंत वाढत जातो. तोवर होडी जितकी झुकते तितका शत्रू दुबळा होतो आणि मित्र बळकट! लाटेनं पार आडवी केली तरी ती पुन्हा उभी राहते. इथं ना मोटर आहे, ना संगणक. नुसतं गुरुत्वाकर्षण आहे.

पण पन्नास वर्षं जुनं अंग? ते कुजत कसं नाही? कारण ते काचेचं आहे. केसाहून बारीक काचतंतूंचे थरावर थर रेझिनमध्ये भिजवून हे अंग घडवतात. त्याला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही. शिवाय फायबरग्लासच्या सुरुवातीच्या काळात या नव्या पदार्थावर किती विसंबावं याचा अंदाज बांधणाऱ्यांना नव्हता, म्हणून त्यांनी तो सढळ हातानं वापरला. त्यांच्या त्या धास्तीचा फायदा आजचं गिऱ्हाईक घेतं आहे.

तरी पारख करावीच लागते. होडी जमिनीवर काढून ठेवतात आणि सर्वेक्षक लहानशी हातोडी घेऊन तिच्याभोवती फिरतो. टक्, टक्, टक्. सगळीकडे खणखणीत आवाज येतो आणि एके ठिकाणी अचानक 'थप्' असा बोदा. तिथं आतले थर एकमेकांपासून सुटलेत किंवा पाणी मुरलंय. वीतभर पुढे हातोडी सरकली की आवाज पुन्हा खणखणीत. खडूनं त्या जागेभोवती वर्तुळ काढलं जातं. लाखो रुपयांचा सौदा कानावर ठरतो!

मग नजर वर जाते, डोलकाठीकडे. तिला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा दिसायला लखलखीत असतात. पण तार जिथं खालच्या टोकाच्या जोडात शिरते तिथं खारं पाणी साचतं आणि आतल्या आत केसासारख्या बारीक चिरा पडतात. भर समुद्रात अशी एक तार तुटली तर अख्खी डोलकाठी आडवी होऊ शकते. म्हणून जाणकार माणूस जुन्या होडीचा रंग नंतर बघतो. आधी विचारतो, "तारा कधी बदलल्या?" दहा-पंधरा वर्षं होऊन गेली असतील तर बदलायचा खर्च धरूनच भाव ठरतो.

आता या सामानातल्या माझ्या सर्वांत लाडक्या वस्तूकडे येऊ. महासागर ओलांडायला पंधरा, वीस, तीस दिवस लागतात. होडी ताशी पाच सागरी मैल चालली तर मुंबईहून सेशेल्सला पोचायला पंधरवडा हवा. रात्रंदिवस सुकाणू धरून कोण बसणार? होडीच्या पाठीवर बसवलेलं एक बिनविजेचं यंत्र हे काम करतं. त्याचं नाव विंडवेन.

वर एक पातळ प्लायवुडची फळी उभी असते, वाऱ्याच्या रेषेत. खाली पाण्यात एक वल्हं लोंबत असतं. होडी मार्गावर आहे तोवर वारा फळीच्या कडेवरून निघून जातो आणि फळी शांत उभी असते. होडी जरा वळली की वारा फळीच्या अंगावर येतो आणि ती कलते. कलताना ती खालचं वल्हं किंचित पिळते. बस्स, फळीचं काम एवढंच. पुढचं काम पाणी करतं.

कधी धावत्या एसटीच्या खिडकीशी हाताचा पंजा वाऱ्यात धरला आहे? आडवा धरला तर काही जाणवत नाही. जरासा तिरका केला की वारा हात झटक्यात वर उचलतो. पिळलेल्या वल्ह्याचं तेच होतं. धावतं पाणी त्याला जोरानं बाजूला झुलवतं, झुलणारं वल्हं दोर ओढतं, दोर सुकाणूचा दांडा ओढतात आणि होडी मार्गावर येते. होडी मार्गावर आली की फळी पुन्हा उभी, वल्हं पुन्हा सरळ.

वाऱ्याची एक झुळूक नऊ टनांची होडी वळवते, ती अशी! झुळूक फक्त इशारा देते आणि ताकद येते होडीच्याच वेगातून. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा जोर साधारण चौपट होतो. म्हणजे वादळात सुकाणू जड होतं तेव्हा हा सुकाणूधारीही आपोआप पहिलवान होतो. ब्लॉंडी हॅस्लर या इंग्रज खलाशानं १९६०च्या अटलांटिकपार एकल शर्यतीत असं यंत्र वापरून दाखवलं आणि एकट्यादुकट्याला महासागर खुला झाला.

पण वारा अंगावर धावून आला, पुढे जाणंच अशक्य झालं, तर? तर थांबायचं. भर समुद्रात, नांगराशिवाय! पुढचं शीड उलट्या बाजूला बांधायचं, मागचं शीड आवळायचं आणि सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधून टाकायचा. आता पुढचं शीड होडीचं तोंड वाऱ्यापासून दूर ढकलतं, मागचं शीड आणि सुकाणू ते वाऱ्याकडे आणतात. दोघांचं भांडण बरोबरीत सुटतं आणि होडी जवळजवळ जागीच राहते, संथपणे बाजूला सरकत. तिच्या लांबलचक कण्यामागे सरकताना पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा तयार होतो. चालून येणाऱ्या लाटांचा जोर त्या पट्ट्यात मोडतो. आतला माणूस चहा टाकू शकतो, झोपू शकतो.

त्याहूनही भीषण वादळ असेल, तर? एका जाड दोरावर शंभराहून अधिक छोटे कापडी शंकू शिवलेले असतात. तो दोर होडीच्या मागे सोडायचा. लाट होडीला फेकायला बघते तेव्हा यातले काही शंकू नेहमीच दुसऱ्या लाटेच्या पोटात रुतलेले असतात, त्यामुळे ओढ कधी सुटत नाही. १९७९च्या फास्टनेट शर्यतीत पंधरा खलाशी वादळात गेले. त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन या विमान-अभियंत्यानं हे साधन घडवलं.

आणि पिण्याचं पाणी? समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. हे पाणी वातावरणाच्या पन्नासपट दाबानं एका पडद्यावर रेटलं की पाणी पलीकडे जातं आणि मीठ अलीकडे राहतं. सौर पॅनलवर चालणारं असं यंत्र सुटकेसएवढ्या जागेत मावतं.

पण उत्तम होडीही बुडू शकते. एकट्यानं पृथ्वीला फेरी घालण्याच्या २०२२च्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच असा होता की होडीचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा, तळाला लांब कणा हवा आणि उपग्रहाकडून दिशा विचारायची नाही. त्या शर्यतीत टॅपिओ लेहतिनेन या फिनिश खलाशाची १९६५ सालची 'अ‍ॅस्टेरिया' दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला पाच मिनिटांत बुडाली. पाच मिनिटांत! त्या पाच मिनिटांत फुगणारा तराफा कामी आला आणि संकट-बीकननं आपण होऊन उपग्रहाला हाक दिली. स्पर्धकांत सर्वांत जवळ होती कर्स्टन नॉयशेफर. ती रात्रभर होडी हाकत तिथं पोचली आणि तिनं त्याला तराफ्यावरून उचललं. शर्यतही पुढे तिनंच जिंकली. दुसरा आला आपला अभिलाष टॉमी. त्याच शर्यतीच्या २०१८च्या फेरीत त्याची डोलकाठी मोडली होती, पाठीला जबर इजा झाली होती. या वेळी 'बयानत' या ३६ फुटी होडीचं विंडवेन मोडलं, तेव्हा होडीतल्याच सामानातून त्यानं ते उभं केलं आणि २३६ दिवसांत पृथ्वीला फेरी घातली.

इथं पुन्हा सुहेलीकडे यायलाच हवं. १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडहून निघाला, पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, कुठंही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायला. तोवर हे कुणीच केलं नव्हतं. सुहेली तेव्हा कोरी नव्हती, मुंबई ते लंडन प्रवासानं चांगली रापली होती. वाटेत टाक्यांतलं पाणी नासलं, त्यानं पावसाचं धरलं. रेडिओ बंद पडला, चार महिने जगाला त्याचा पत्ता नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या आसपास विंडवेन कायमचं मोडलं. मग? मग त्यानं शिडं अशी काही तोलून लावली की होडी स्वतःच सरळ चालू लागली! ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ती फॅल्मथ बंदरात शिरली. नऊ जण शर्यतीत उतरले होते, पूर्ण केली ती एकट्या या मुंबईकर होडीनं.

तेव्हा सुसज्ज होडी कशाला म्हणायचं? विक्रीच्या यादीत सामान भरपूर असतं : विंडवेन, पाण्याचं यंत्र, रडार, तराफा. यातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी बिघडणार, हे समुद्राचं वचन आहे. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहावा : हे बंद पडलं तर याच्या मागे कोण उभं आहे? यंत्राच्या मागे टाकी, टाकीच्या मागे पाऊस. विंडवेनच्या मागे शिडांचा तोल. आणि सगळ्यांच्या मागे, सर्वांत शेवटी, तो तीन टन वजनाचा कणा आणि दोन्हीकडून निमुळतं अंग. बाकी सगळं पुढे पैसे साठवून घेता येतं, बदलता येतं. अंग आणि कणा मात्र पहिल्या दिवशीच पारखून घ्यावे लागतात, कारण शेवटी घरी आणतात ते तेच.